डेटाबेसची फाइल मेलने पोचत नाही: ती नेमकी कुठे अडते ते आधी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मालसाठ्याचा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधला डेटाबेस, जुन्या एमडीबी प्रकारातला, आकार साधारण २२ एमबी. दर महिन्याला तो तिघांना मेलने पाठवायचा असतो. पहिल्याला मेल मिळतो, पण आउटलुक सांगतं की अटॅचमेंट असुरक्षित असू शकते म्हणून अडवली आहे. दुसऱ्याला झिप करून पाठवली तर मेल ५५२ क्रमांकाची चूक घेऊन परत येतो. तिसऱ्याकडे नाव बदलून पाठवलेली फाइल पोचते, पण उघडली की 'फाइल सापडत नाही' असा संदेश येतो आणि फॉर्म रिकामे दिसतात. आणि तुम्ही विचारता की तुमच्या मशीनवर रजिस्ट्रीत (विंडोज जिथे सेटिंग ठेवतं त्या नोंदवहीत) बदल केला तर तिघांचंही काम होईल का.

नाही होणार. तुमच्या मशीनवरच्या रजिस्ट्रीने फक्त तुमच्या आउटलुकमध्ये काय दिसावं ते ठरतं. समोरच्याच्या आउटलुकवर किंवा मधल्या सर्व्हरवर तिचा काहीही परिणाम नाही. शिवाय हा एक प्रश्न नसून तीन आहेत, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर तिसरा आहे. त्यात मेलचा काही दोषच नाही. पहिल्या दोघांची अडचण आज सुटली तर उद्या त्यांच्याकडेही तोच 'फाइल सापडत नाही' चा संदेश येईल. त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

आधी हे अडवणं होतंच का? ॲक्सेसची फाइल नुसती माहिती ठेवत नाही. तिच्यात व्हीबीएचा (ऑफिसमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेचा) कोड असतो, मॅक्रो (साठवून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिका) असतात, आणि 'ऑटोएक्झेक' नावाचा मॅक्रो असेल तर फाइल उघडताक्षणी तो चालतो. मेल सर्व्हरच्या दृष्टीने ती कागदपत्र कमी आणि प्रोग्रॅम जास्त. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' हा विषाणू मेलच्या अटॅचमेंटमधून जगभर पसरला, त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये धोकादायक प्रकारांची यादी आणली. त्या यादीत एक्सई, बॅट, व्हीबीएस यांच्या बरोबरीने एमडीबी, एमडीई, एमडीए, एडीपी हे ॲक्सेसचे प्रकारही आहेत. जीमेलची यादी वेगळी: तिच्यात एमडीई, एडीई, एडीपी आहेत, साधी एमडीबी नाही. नवी एसीसीडीबी कुठे अडेल आणि कुठे नाही, हे आउटलुकची आवृत्ती आणि त्या संस्थेचं धोरण यांवर ठरतं. म्हणून 'एका मित्राकडे गेली, दुसऱ्याकडे नाही' यात नवल काही नाही. प्रत्येक ठिकाणचा पहारा वेगळा आहे.

फाइल तीनपैकी एका जागी अडते. पाठवणाऱ्याच्या मेल प्रोग्रॅममध्ये, मधल्या सर्व्हरवर, किंवा घेणाऱ्याच्या मेल प्रोग्रॅममध्ये. कुठे अडली हे कळल्याशिवाय उपाय करत बसलात तर निव्वळ वेळ जातो, आणि ते ओळखणं सोपं आहे. पाठवताना आउटलुक 'या मेलमध्ये असुरक्षित ठरू शकेल अशी अटॅचमेंट आहे, तरी पाठवायचा का' असं विचारतं ती फक्त सूचना आहे. 'येस' म्हटलं की मेल जातो. मेल परत आला तर तो सर्व्हरने परतवला. मेल पोचला, वरच्या पट्टीत फाइलचं नाव दिसतं पण उघडता येत नाही, तर घेणाऱ्याच्या आउटलुकने अडवली. आणि मेल पोचला पण अटॅचमेंटचा मागमूस नाही, किंवा तिच्या जागी एक छोटी मजकुराची फाइल आहे, तर सर्व्हरने वाटेतच ती काढून टाकली.

आता तुमचा पहिला माणूस. त्याच्या बाबतीत फाइल त्याच्या मेलबॉक्समध्ये शाबूत आहे, आउटलुक ती दाखवत नाही इतकंच. त्याने तोच मेलबॉक्स ब्राउझरमधून उघडून बघावा. वेबवरचं धोरण वेगळं असल्यामुळे काही ठिकाणी तिथून फाइल उतरवता येते. नाहीतर रजिस्ट्रीचा जो उपाय तुम्ही वाचला आहे तो इथे लागू पडतो, पण तो त्याच्या मशीनवर करायचा, तुमच्या नव्हे. आउटलुक बंद करायचं. रजिस्ट्री एडिटर उघडून 'एचकी करंट यूजर' खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १६.०, आउटलुक, सिक्युरिटी असं जायचं. १६.० म्हणजे ऑफिस २०१६ आणि त्यानंतरच्या सगळ्या आवृत्त्या. तिथे 'लेव्हल१रिमूव्ह' नावाची स्ट्रिंग व्हॅल्यू नव्याने करायची, मधे कुठेही जागा न सोडता, आणि तिच्यात टिंब देऊन एमडीबी हे एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचा शेवटचा, प्रकार सांगणारा भाग) लिहायचं. एकाहून अधिक असतील तर अर्धविरामाने तोडायचे. आउटलुक पुन्हा सुरू केलं की जुन्या मेलमधलीही अटॅचमेंट दिसू लागते. ती थेट उघडत नाही, आधी डिस्कवर सेव्ह करावी लागते.

हे करण्याआधी तीन गोष्टी लक्षात घ्या. संस्थेचा स्वतःचा एक्स्चेंज हा मेल सर्व्हर असेल आणि तिथल्या प्रशासकाने वापरकर्त्याला ही यादी बदलण्याची मुभा काढून घेतली असेल, तर रजिस्ट्रीत काहीही लिहिलं तरी फरक पडत नाही. विंडोजवरचं 'नवं आउटलुक' मुळात वेबवर चालणारं आहे. ते ही नोंद वाचतच नाही, तिथे सर्व्हरवरचं धोरण चालतं. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ही नोंद एकदा केली की तुमचीच नव्हे, कुणाही अनोळखी माणसाने पाठवलेली एमडीबी त्या मशीनवर दिसू लागते. म्हणून अडकलेली एखादी फाइल सोडवून घ्यायची, आणि लगेच ती नोंद पुसायची. दर महिन्याच्या कामाचा हा रस्ता नव्हे.

दुसऱ्या माणसाच्या बाबतीत परत आलेला मेल नीट वाचा. ५५२ हा आकडा एकटा पुरेसा नाही, त्याच्यापुढचा टिंबांनी तोडलेला आकडा बघा. ५.३.४ किंवा ५.२.३ असेल तर प्रश्न आकाराचा आहे. ५.७ ने सुरू होत असेल तर सुरक्षेचा. जीमेल आतल्या मजकुरावरून मेल नाकारतं तेव्हा ५.७.० येतो. दोन्हींचे उपाय परस्परांहून अगदी वेगळे आहेत, आणि लोक बहुतेक वेळा आकाराच्या अडचणीवर नाव बदलण्याचा उपाय करत बसतात.

आकाराबद्दल एक गोष्ट सहज निसटते. मेलमधून कुठलीही फाइल जशीच्या तशी जात नाही. ती बेस६४ या पद्धतीने अक्षरांत बदलून जाते. दर तीन बाइटचे चार होतात, त्यात ओळी तोडण्याचा खर्च, म्हणजे आकार साधारण ३५ ते ३७ टक्क्यांनी वाढतो. सर्व्हरची मर्यादा २० एमबीची असेल तर १५ एमबीची फाइलसुद्धा काठावर अडते. तुमची २२ एमबीची फाइल वाटेत ३० एमबी होते. आउटलुकमध्ये इंटरनेट मेलच्या खात्यांसाठी मूळची मर्यादा २० एमबी आहे, जीमेलवरून पाठवताना २५. तेव्हा झिपने तिचा आकार फारसा उतरला नसेल तर दुसऱ्याचा मेल केवळ आकारामुळे परत आला असणं अगदी शक्य आहे.

आकार उतरवायचा तर झिप करण्याआधी 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा. ॲक्सेसमध्ये नोंद पुसली तरी तिने व्यापलेली जागा फाइलमध्ये तशीच राहते. तात्पुरती टेबलं भरणं-पुसणं ज्या डेटाबेसमध्ये रोज चालतं, तो वर्षभरात मूळच्या कितीतरी पट फुगतो. फाइल बंद करा, तिची प्रत काढा, प्रत उघडा, 'डेटाबेस टूल्स' टॅबवरून कॉम्पॅक्ट करा. मूळ फाइलवर हे करू नका, विशेषतः ती नेटवर्कवर असेल आणि कुणी दुसरं ती वापरत असेल तर. शेजारी एलडीबी किंवा एलएसीसीडीबी प्रकारची लहानशी फाइल दिसते आहे तोवर कुणीतरी डेटाबेस उघडून बसलं आहे असं समजा, आणि अशा वेळी काढलेली प्रत कुणाला पाठवू नका. अर्धवट लिहिलेली पानं त्या प्रतीत येऊ शकतात, आणि मग समोरचा म्हणतो की डेटाबेसचं स्वरूप ओळखता येत नाही.

कॉम्पॅक्ट करण्याचं दुसरं कारण गोपनीयतेचं आहे. पाठवण्याआधी तुम्ही पगाराचं टेबल किंवा गिऱ्हाइकांचे फोन पुसून टाकले आणि फाइल तशीच पाठवली, तर पुसलेला मजकूर त्या फाइलच्या पानांत अजून असू शकतो. काढून टाका, कॉम्पॅक्ट करा, मग पाठवा. त्याहून खात्रीचं म्हणजे नवा रिकामा डेटाबेस करून त्यात लागतील तेवढीच टेबलं आयात करणं. मी बाहेर जाणाऱ्या फाइलसाठी हाच मार्ग पसंत करतो, कारण त्यात चुकून काही मागे राहण्याची भीती नाही.

आता झिपचं. आउटलुक झिपच्या आत डोकावत नाही, म्हणून घेणाऱ्याच्या आउटलुकपाशी अडणारी फाइल झिप केली की बहुधा जाते. सर्व्हर मात्र डोकावतो. जीमेल झिपच्या आत एमडीई सापडली तरी मेल नाकारतं. मग लोक पासवर्ड लावतात, आणि तिथे दुहेरी पेच आहे. साध्या झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलींची नावं उघडी राहतात, त्यामुळे नावाच्या यादीवर चालणारा सर्व्हर ती तरीही ओळखतो. ७-झिपचा ७झेड प्रकार वापरून नावंही लपवली, तर जीमेल अशी पेटीच स्वीकारत नाही, कारण आतल्या फाइलींची यादीच तिला वाचता येत नाही. अनेक संस्थांचे सर्व्हर तर तपासता न येणारं कुठलंही पासवर्डचं पाकीट बाजूला काढून ठेवतात. तेव्हा पासवर्ड लावायचा तो माहिती गुप्त राहावी म्हणून. पहारेकऱ्याला चकवायचं साधन म्हणून तो भरवशाचा नाही.

पासवर्ड लावणार असाल तर ७-झिपमध्ये एईएस-२५६ ही कूटपद्धत निवडा. जुना 'झिपक्रिप्टो' कमकुवत आहे. त्याची किंमत अशी की एईएसवाली झिप विंडोजच्या एक्सप्लोररमधून उघडत नाही, घेणाऱ्याकडेही ७-झिप किंवा तसाच प्रोग्रॅम लागतो. हे मेलमध्ये लिहून कळवा, नाहीतर 'पासवर्ड चुकीचा आहे' असा फोन हमखास येतो. आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. एसीसीडीबी फाइलीला ॲक्सेसचा स्वतःचा पासवर्ड लावून मग झिप केली तर आकार जवळपास तेवढाच राहतो, कारण कूट केलेला मजकूर आवळला जात नाही.

नाव बदलून पाठवणं तिसऱ्याकडे चाललं, म्हणून तो उपाय सर्वांना लावू नका. त्याची मर्यादा दोन बाजूंनी आहे. बरेच सर्व्हर नावावर विसंबत नाहीत, फाइलचे पहिले बाइट वाचतात. एमडीबीच्या सुरुवातीलाच पहिले चार बाइट सोडले की 'स्टँडर्ड जेट डीबी' अशी अक्षरं असतात, एसीसीडीबीत 'स्टँडर्ड एस डीबी'. कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) स्वतः बघा. फाइलला काहीही नाव दिलं तरी ही ओळ तीच राहते. दुसरी बाजू घेणाऱ्याची. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शनं लपवतं, त्यामुळे त्याला नाव परत बदलायला सांगितलं तरी त्याला एक्स्टेन्शन दिसतच नाही; एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' मधून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करावं लागतं. आणि टीएक्सटी नाव दिलं असेल तर तो आधी डबल-क्लिक करतो, नोटपॅड उघडतं, चित्रविचित्र अक्षरं दिसतात, आणि बंद करताना चुकून 'सेव्ह' दाबलं की फाइल कायमची गेली. नाव बदलायचंच असेल तर कुठलाही प्रोग्रॅम ओळखणार नाही असं एक्स्टेन्शन द्या. पण संस्थेत याला धोरण चुकवणं समजलं जातं, आणि ते बरोबरच आहे. सुरक्षा विभागाने उद्या विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

तर मग दर महिन्याच्या कामासाठी काय? लिंक. फाइल वनड्राइव्ह, शेअरपॉइंट, गूगल ड्राइव्ह किंवा तुमच्या संस्थेच्या सर्व्हरवर ठेवायची आणि मेलमधून फक्त पत्ता पाठवायचा. आकाराचा प्रश्न संपतो, अटॅचमेंटच्या यादीचा संपतो, आणि चुकीच्या माणसाला गेली तर ती लिंक बंद करता येते. मेलने गेलेली अटॅचमेंट परत आणता येत नाही. लिंक देताना 'कुणालाही' हा पर्याय निवडू नका, ठरावीक माणसांचे मेल पत्ते घाला. मुदत घालता येत असेल तर घाला. मासिक फाइलीला दोन आठवडे पुष्कळ झाले. अधिकार फक्त बघण्याचा द्या, बदलण्याचा नको. ॲक्सेसची फाइल ब्राउझरमध्ये उघडत नाही, तिथे 'पूर्वदृश्य उपलब्ध नाही' असं काहीतरी दिसतं. ती चूक नव्हे, डाउनलोड करायची आहे, एवढं मेलमध्ये सांगून ठेवा. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टाका, म्हणजे यादीत क्रम आपोआप लागतो आणि कुठली प्रत ताजी यावर वाद होत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. लिंक सोयीची वाटते म्हणून चालू डेटाबेसच सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि सर्वांनी तिथूनच उघडायचा, असं करू नका. ॲक्सेस एकाच फाइलीतल्या तुकड्यांना कुलूप लावत काम करतं आणि त्यासाठी सगळ्यांनी तीच एक फाइल उघडलेली असावी लागते. सिंक करणारा प्रोग्रॅम प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी प्रत ठेवतो आणि बदल झाला की अख्खी फाइल वर चढवतो. दोघांनी एकाच वेळी लिहिलं की दोन प्रती तयार होतात किंवा डेटाबेस बिघडतो. लिंक ही प्रत पोचवण्यासाठी आहे. ज्याला उघडायची त्याने आधी स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावी.

समजा फाइल पोचली. काम इथे संपत नाही, आणि 'मेलने बिघडली' असा आळ नेमका या टप्प्यावर येतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं. ऑफिसने २०२२ पासून अशी खूण असलेल्या फाइलींतले मॅक्रो चालवणं मुळातच बंद केलं आहे, आणि ॲक्सेस त्यात आहे. वर लाल पट्टी येते, बटणं दाबली तरी काहीच होत नाही. उपाय असा: फाइल बंद करा, तिच्यावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'जनरल' टॅबच्या तळाशी 'अनब्लॉक' हा चौकोन आहे, त्यात खूण करून 'ओके'. झिप आली असेल तर हे झिपवरच करा आणि मग उलगडा, कारण एक्सप्लोरर झिपवरची खूण आतल्या फाइलींवरही उतरवतो. दर महिन्याला येणाऱ्या फाइलीसाठी घेणाऱ्याने एक वेगळा फोल्डर करून तो 'ट्रस्ट सेंटर' मधल्या 'ट्रस्टेड लोकेशन्स' मध्ये घालावा आणि तुमची फाइल नेहमी तिथे ठेवावी. डाउनलोडचा फोल्डर किंवा डेस्कटॉप त्यात घालू नका. तिथे काय काय येऊन पडतं याचा नेम नाही.

झिपमधून थेट डबल-क्लिक करून उघडणं हीही नेहमीची चूक. तशी उघडलेली फाइल तात्पुरत्या फोल्डरमधली असते. केलेला बदल झिपमधल्या प्रतीत जात नाही, आणि माणूस म्हणतो काल भरलेल्या नोंदी गायब झाल्या. आधी उलगडा, मग उघडा. आणि एमडीई किंवा एसीसीडीई (ज्यातला कोड बदलता येत नाही अशी बंद प्रत) पाठवत असाल तर समोरचं ऑफिस ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं ते विचारा. एका प्रकारात बनवलेली फाइल दुसऱ्यात उघडत नाही.

आता तुमचा तिसरा माणूस. 'फाइल सापडत नाही' हा संदेश नीट वाचलात तर त्यात एक पूर्ण मार्ग दिलेला असतो: ड्राइव्हचं अक्षर, फोल्डर, आणि दुसऱ्याच एका डेटाबेसचं नाव. याचा अर्थ तुमचा डेटाबेस दोन भागांत विभागलेला आहे. एका फाइलीत फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट, कोड. दुसरीत प्रत्यक्ष टेबलं. तुम्ही रोज उघडता ती पहिली, आणि मेलने जाते तीही पहिलीच. माहिती तुमच्या नेटवर्कवरच राहिली. ती त्या मेलबरोबर गेलीच नव्हती.

खात्री करायची तर डावीकडच्या यादीत टेबलांची चिन्हं पाहा. जोडलेल्या टेबलाच्या चिन्हाशेजारी लहानसा बाण असतो. त्यावर माउस नेला की मूळ फाइलीचा पूर्ण मार्ग दिसतो. बाण असेल तर टेबल या फाइलीत नाही. कॉम्पॅक्ट करूनही फाइल २२ एमबीच राहिली तर आतल्या तात्पुरत्या टेबलांनी किंवा फॉर्मवरच्या चित्रांनी ती फुगवलेली असेल, मोठा आकार म्हणजे माहिती आत आहे असं नव्हे.

यावर दोन मार्ग आहेत आणि कुठला घ्यायचा हे समोरच्याला काय करायचं आहे यावर ठरतं. त्याला तोच डेटाबेस चालवायचा असेल तर दोन्ही फाइली पाठवा, एकाच झिपमध्ये, आणि त्याने त्या एका फोल्डरमध्ये उलगडल्यावर 'एक्स्टर्नल डेटा' टॅबवरच्या 'लिंक्ड टेबल मॅनेजर' मधून सगळी टेबलं निवडून त्याच्या मशीनवरच्या दुसऱ्या फाइलीकडे वळवावीत. हे एकदाच करावं लागतं. पुढच्या महिन्यापासून फक्त माहितीची फाइल पाठवा. त्याने ती त्याच नावाने, त्याच जागी जुनीच्या ऐवजी ठेवली की झालं. म्हणजे रोज वापरायची मोठी फाइल प्रत्येक वेळी पाठवण्याचं कारणच उरत नाही. त्याला एकच सुटी फाइल हवी असेल, नुसती बघायला, तर नव्या रिकाम्या डेटाबेसमध्ये टेबलं लिंक न करता आयात करा, मग फॉर्म आणि रिपोर्ट आणा. आयात करताना 'इम्पोर्ट' आणि 'लिंक' हे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. गडबडीत दुसरा निवडला की पुन्हा तीच अडचण. पाठवण्याआधी ती फाइल अशा मशीनवर उघडून पाहा ज्याला तुमचं नेटवर्क दिसत नाही. तुमच्याच मशीनवर केलेली चाचणी इथे फसवते, कारण तिथे जुना मार्ग चालू असतो.

पण मला विचाराल तर मी त्याआधी तिघांना एक प्रश्न विचारीन: तुम्हाला डेटाबेस हवा आहे की महिन्याचा साठा? साठाच हवा असेल तर एका क्वेरीतून एक्सेलची फाइल काढून द्या. ती यादीत अडकत नाही, मॅक्रोचा प्रश्न नाही, काही शे केबीत काम होतं. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, मासिक साठ्याला पुरून उरतात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुराची फाइल) द्यायची असेल तर दोन ठिकाणी सांभाळा. निर्यातीच्या विझार्डमधल्या 'ॲडव्हान्स्ड' मध्ये कोड पेज यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि ००४५ सारखे मालाचे क्रमांक एक्सेलमध्ये सीएसव्ही डबल-क्लिक करून उघडली की ४५ होतात. ती फाइल एक्सेलमधल्या 'डेटा' टॅबवरून आयात करावी लागते आणि तो रकाना मजकूर म्हणून सांगावा लागतो. टेबलांची रचनाही जायला हवी असेल तर ॲक्सेसमधून एक्सएमएल निर्यात करताना त्याबरोबर एक्सएसडी ही रचनेची फाइलही घ्या. अटॅचमेंट प्रकारचे रकाने मात्र यातल्या कुठल्याच मार्गाने नीट जात नाहीत.

ॲक्सेसऐवजी दुसरा डेटाबेस असेल त्यांच्यासाठी थोडं. एसक्यूलाइटची फाइल सहसा नावामुळे अडत नाही, पण चालू प्रोग्रॅमच्या खालून नुसती कॉपी केली आणि शेजारची 'डब्ल्यूएएल' फाइल मागे राहिली तर शेवटचे बदल हरवतात; बॅकअपची आज्ञा किंवा 'व्हॅक्यूम इनटू' वापरा. एसक्यूएल सर्व्हरची एमडीएफ फाइल सर्व्हर चालू असताना कॉपीच होत नाही. बॅकअप काढा, तोही 'कॉपी ओन्ली', म्हणजे नेहमीच्या बॅकअपची साखळी तुटत नाही. नव्या आवृत्तीतला बॅकअप जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरवर उतरत नाही, तेव्हा समोरची आवृत्ती आधी विचारा. मायएसक्यूएलचा एसक्यूएल डंप हा निव्वळ मजकूर असतो, झिप केला की खूपच लहान होतो.

फाइल कशीही गेली तरी ती तीच पोचली याची खात्री करायला ७-झिपच्या राइट-क्लिक मेनूतून एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा अक्षरांचा ठसा) काढा आणि पहिली-शेवटची काही अक्षरं फोनवर ताडून बघा. जुळली तर फाइल वाटेत बिघडलेली नाही, दोष दुसरीकडे शोधायचा.

एवढं करूनही अडलं तर पुढची माहिती इथे टाका, म्हणजे अंदाजाने बोलावं लागणार नाही: परत आलेल्या मेलमधली ५५२ ने सुरू होणारी पूर्ण ओळ, मेलपत्ते खोडून, कॉम्पॅक्ट केल्यानंतरचा फाइलीचा आकार, तिसऱ्या माणसाच्या संदेशातला मार्ग, आणि पहिला माणूस जुनं आउटलुक वापरतो की नवं. सर्व्हरने फाइल बाजूला काढून ठेवली असेल तर त्यांच्या प्रशासकाला मेल पाठवल्याची वेळ, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि विषय कळवा. ठरावीक मुदतीत ती त्याला सोडता येते, पण मुदत उलटली की ती आपोआप पुसली जाते, म्हणून हे त्याच दिवशी करा.